बेअरिंग कॅपचे आटे गेले: वेल्डिंग की हेलिकॉइल?

जुन्या गाडीचा मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) जोडताना बेअरिंग धरून ठेवणाऱ्या कॅपचा बोल्ट तिरका गेला आणि हाउसिंगमधले, म्हणजे बाहेरच्या कवचातले, आटे उडाले, की कोल्हापुरात पहिला सल्ला मिळतो, "उद्यमनगरात न्या, वेल्डिंगनं भरून देतील." बिडाच्या ओतकामाचं गाव आहे, हात तयार आहेत. पण हाउसिंग बिडाचं असेल तर निकेलचा रॉड, आधी तापवणं, मग सावकाश गार करणं, हे सगळं आलं. नाहीतर वेल्डशेजारी तडा जातो. खरी भीती पुढेच: बेअरिंगचं भोक कॅप बसवूनच बोअर केलेलं (आतून कातलेलं) असतं. उष्णतेनं ते जरा जरी वाकलं, की क्राउन-पिनियन या आतल्या गिअरजोडीची जुळणी बिघडते आणि गाडी रडायला लागते.

हेलिकॉइलला उष्णता नाही. बोल्टचं भोक थोडं मोठं करायचं, हेलिकॉइलचाच खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा, स्टीलची कॉइल बसवायची. नीट बसली तर मूळ आट्यांइतका टॉर्क घेते. मात्र ड्रिल काटकोनातच हवं. हातातल्या मशीननं नको, पिलर ड्रिलवर करा. आट्यांचं माप आधी पिच गेजनं (आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्ट्यांनी) तपासा.

माझं मत हेलिकॉइलला. बोल्टच्या भोकाजवळ तडाच गेला असेल, तरच वेल्डिंग. आणि त्यानंतर बेअरिंगचं भोक मोजल्याशिवाय बेअरिंग बसवू नका.