निरोपाची तीन फोटोबुकं छापून घेतली, त्याचा हा हिशेब

यंदा वर्ष संपताना आमच्या प्राथमिक शाळेतून तिघं एकदम गेली. पहिलीच्या बाई निवृत्त झाल्या, चौथीच्या सरांची बदली झाली आणि शाळेच्या सगळ्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असायच्या त्या मावशीही निवृत्त झाल्या. तिघांना काहीतरी जपून ठेवण्यासारखं द्यायचं ठरलं आणि स्टाफरूममधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कारण एवढंच, की मागे एकदा मी अडकलेला प्रिंटर सुरू करून दाखवला होता. तेव्हापासून वीज लागणारं प्रत्येक काम माझं.

तर मी एका ऑनलाइन फोटोबुक सेवेकडून तीन पुस्तकं छापून घेतली. नाव लिहीत नाही. जे बिघडलं त्यातलं निम्मं आमच्या हातून बिघडलं, आणि उरलेलं निम्मं अशा कुठल्याही सेवेत होऊ शकतं. तुमच्या शाळेत हे काम तुमच्या गळ्यात पडणार असेल तर पुढचं वाचा.

आधी चांगलं सांगते. बांधणी उत्तम आहे. बाईंसाठी आणि मावशींसाठी मी लेफ्लॅट घेतलं. यात पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणून जाड पुठ्ठ्यासारखी लागतात आणि पुस्तक टेबलावर अगदी सपाट उघडतं. दोन पानांवर पसरलेल्या वर्गाच्या फोटोत मधलं मूल शिवणीत गडप होत नाही. पालकांना विचारा, त्यांच्या लेखी हीच सगळ्यात मोठी गोष्ट असते. सरांचं पुस्तक मात्र साधं, मधोमध पिना मारलेलं घेतलं. त्यात पानं चारच्या पटीतच असावी लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. माझी झाली होती 26. मग 28 केली आणि शेवटची दोन कोरी सोडली, सगळ्यांच्या सह्यांसाठी. कल्पना छान होती. कागद चकचकीत आहे हे विसरले. जेल पेनची शाई वाळेचना, आणि तिसरीच्या बाईंचा शुभेच्छांचा मजकूर सरांच्या शर्टाच्या बाहीवर गेला. सह्या घ्यायच्या असतील तर मॅट कागद निवडा, किंवा तिथे परमनंट मार्करच ठेवा.

आता फोटो. शाळेच्या ग्रुपवर फोटो ढिगानं पडलेले असतात, म्हणून मला वाटलं होतं की हे काम एका संध्याकाळचं. पण ग्रुपवरून आलेला फोटो वाटेत आकसलेला असतो. आमच्याकडचे बरेचसे लांबीला 1600 पिक्सेल निघाले. छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे असा फोटो नीट छापला जातो तो सव्वापाच इंचांपर्यंत. मी तो 11 इंची पानावर ताणला. इंचाला जेमतेम 145 उरले. सॉफ्टवेअरनं कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दाखवून बजावलं होतं, ते मी ‘हो हो, कळलं’ म्हणून बंद केलं. परिणाम बाईंच्या पुस्तकात सातव्या पानावर आहे: स्नेहसंमेलनाचा फोटो, चाळीस मुलं, आणि चाळिसांचे चेहरे ओल्या खडूनं काढल्यासारखे. ज्यानं फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या. त्यासाठी दहा वेळा आठवण करावी लागते, तरी मागा.

फोटो निवडताना एक गोष्ट समोर आली. बाईंचे फोटो शेकड्यांनी होते. सरांचेही पुष्कळ, बहुतेक मैदानावरचे, शिट्टी तोंडात. मावशींचे तीन. एकात त्या दार लावताना अर्ध्या आल्या आहेत, एकात नुसती पाठ, आणि एकात छत्री धरलेला हात, जो त्यांचाच आहे हे बांगड्यांवरून ओळखलं. इतक्या वर्षांत तीनच कसे, याचं उत्तर मला लाजवणारं निघालं. प्रत्येक गटफोटोच्या वेळी आम्ही ओळीत उभे राहायचो आणि मोबाइल पुढे करायचो, “मावशी, एक फोटो काढता का?” म्हणजे ज्या फोटोंत आम्ही सगळे होतो, ते सगळे त्यांनीच काढलेले.

सेवेची अट अशी की पुस्तक किमान 20 पानांचं हवं. फोटो तीन. सॉफ्टवेअरमधलं ‘आपोआप मांडणी’चं बटण दाबलं तर त्यानं छत्रीचाच फोटो चार वेळा लावला.

मग मुलांकडून पानं करून घ्यायची ठरली, आणि या सगळ्या खटाटोपातलं शिकण्यासारखं काही असेल तर ते इथलं. वर्षअखेरीला मुलांना आपण विचारतो, “बाईंबद्दल दोन वाक्यं लिहा.” उत्तर ठरलेलं: बाई खूप छान शिकवतात, मला बाई खूप आवडतात. पस्तीस कागदांवर तेच. बाईंच्या पुस्तकासाठी मी असाच एक गठ्ठा गोळा केला आणि वाचता वाचता मलाच डुलकी लागली. मावशींच्या वेळी प्रश्न बदलले. मावशींच्या खिशात काय काय असतं? मावशी सगळ्यात जोरात कधी ओरडतात? शाळेत कोणी नसताना मावशी काय करत असतील? ज्यांना अजून नीट लिहिता येत नाही त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं उतरवून घेतलं, व्याकरण न सुधारता.

काय काय आलं! “मावशींना घंटा वाजायच्या आधीच ऐकू येते.” “मावशींच्या खिशात माझा दात आहे.” (हे खरं निघालं. मधल्या सुट्टीत पडलेला दात त्यांनी कागदात गुंडाळून ठेवला होता, घरी द्यायला विसरल्या होत्या.) “मावशी ओरडतात पण आधी हसतात, मग ओरडतात.” पहिलीतल्या एकानं लिहिण्याऐवजी किल्ल्यांचा जुडगा काढून दिला, सतरा किल्ल्या, आणि प्रत्येक किल्ली कुठली ते त्याला तोंडपाठ. मला त्यातल्या सहाही सांगता आल्या नसत्या. आणखी एकानं वर्गात शिरलेला उंदीर आणि त्याच्यामागे झाडू घेऊन धावणाऱ्या मावशी काढल्या. उंदीर मावशींपेक्षा मोठा आहे.

चित्रं पुस्तकात घालणार असाल तर मोबाइलनं त्यांचे फोटो काढू नका. हाताची सावली पडते, कागद तिरका येतो. कार्यालयातल्या साध्या स्कॅनरवर 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन करा. फिकी पेन्सिल आणि पिवळा खडू छापताना जवळजवळ नाहीसे होतात, म्हणून मुलांना आधीच काळं स्केचपेन द्या. आणि रंग पडद्यावर दिसतात तसे येत नाहीत. पडदा उजेडानं रंग दाखवतो, कागदावर शाई असते. मुलांचा झगझगीत हिरवा छापून शेवाळी होतो. त्यात छापणाऱ्याचा दोष नाही, एका मुलीची समजूत घालताना मात्र हे सगळं सांगावं लागलं आणि तिला ते पटलं नाही.

आता या सेवेचा खरा कच्चा दुवा, तो म्हणजे मराठी. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या सामाईक पद्धतीत, देवनागरी 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण ते या सॉफ्टवेअरपर्यंत पोचलेलं दिसत नाही. ‘शिक्षिका’ टाइप केलं तर वेलांट्या अक्षराच्या पलीकडे जाऊन बसल्या आणि क्ष चे दोन तुकडे झाले. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या मोडून पडला. पडद्यावरच्या नमुन्यात मात्र सगळं व्यवस्थित! बिघाड शेवटच्या पीडीएफमध्ये होतो, जो बहुतेक लोक उघडतच नाहीत. मी उघडला, कारण मराठी शिकवणाऱ्या बाईच्या पुस्तकावर ‘शिक्षिका’ चुकीचं छापून आलं असतं तर निरोप मलाच द्यावा लागला असता. शाळेच्या जुन्या फाइलमधून उचललेल्या मानपत्राची तर आणखी गंमत. ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, त्यामुळे चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिखल झाला. सगळं पुन्हा टाइप केलं.

ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं, नम्र आणि निरुपयोगी: दुसरा फॉन्ट वापरून पाहा. शेवटी उपाय स्टाफरूममध्येच सापडला. सगळा मजकूर आपल्याच संगणकावर हव्या त्या फॉन्टमध्ये मांडायचा, त्याचं 300 डीपीआयचं चित्र करायचं आणि ते फोटो म्हणून चढवायचं. चित्रातली वेलांटी कुठे जात नाही. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते पाहा, नाहीतर पुस्तक आपलं वाटत नाही.

पुस्तकं वेळेवर आली. खोका मजबूत होता. छपाईला पाचपैकी चार देते, सॉफ्टवेअरला दोन, आणि तेही दोन पिवळ्या त्रिकोणाबद्दल, कारण तो खरं बोलत होता.

राहिली एक तक्रार. पानाच्या कडेला 3 मिलिमीटर कापणीत जातात, म्हणून महत्त्वाचं काही कडेशी ठेवायचं नसतं. हे मी पाळलं होतं. तरी मावशींच्या पुस्तकात कापणी जास्तच आत आली आणि त्या अवाढव्य उंदराचं शेपूट अर्ध्यात तुटलं. फोटो पाठवल्यावर कंपनीनं चूक लगेच मान्य केली, नवीन प्रत फुकट देतो म्हणाले. फक्त आधीची प्रत परत पाठवायची.

मी मावशींकडे पुस्तक मागायला गेले. त्यांनी ते कपाटातून काढलं, उंदराचं पान उघडलं, कडेला बोट ठेवलं आणि पानाबाहेर टेबलावर वळण काढून दाखवलं. “इथवर होतं शेपूट. मला ठाऊक आहे ना, राहू द्या.” आणि पुस्तक परत कपाटात, कपाटाला कुलूप.

कंपनीच्या साइटवर माझी तक्रार अजून ‘ग्राहकाकडून प्रत येण्याच्या प्रतीक्षेत’ अशी दिसते. दर आठवड्याला आठवणीची मेल येते.