थंडरबर्डमधून उडालेले मेल आणि त्यानंतरचे आठ महिने

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम मी गेली सात-आठ वर्षं वापरते आहे, पण त्याच्या पोटात काय चालतं हे कळायला सहाशेच्या वर मेल उडवावे लागले. झालं असं, की जुन्या जाहिरातींचे मेल साफ करायला मी क्विक फिल्टर (यादीत हवे तेवढेच मेल दाखवणारी सोय) लावला. मधेच दुसऱ्या फोल्डरमध्ये काहीतरी बघून परत आले. पिन केलेला नसेल तर फोल्डर बदलल्यावर हा फिल्टर निघून जातो, हे माहीत असूनही त्या क्षणी डोक्यात नव्हतं. कंट्रोल-ए, शिफ्ट-डिलीट. खात्री करून घेणारा प्रश्न येतो खरा, पण "पुन्हा विचारू नकोस" ही टिक मीच कधीतरी करून ठेवली होती. कामाचा अख्खा पत्रव्यवहार गायब. शिफ्ट दाबलेलं, त्यामुळे ट्रॅशही रिकामा. घाबरून प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, तरी काही नाही. खातं पॉपचं, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेणारं, आणि सर्व्हरवर प्रत नाही.

पहिली धाव अर्थातच रिकव्हरी सॉफ्टवेअरकडे. नाव घेत नाही. चार तास डिस्क चाळून त्याने मला मेलचे विषय दाखवले. आतला मजकूर हवा तर पैसे भरा! शिवाय ते मी त्याच डिस्कवर इन्स्टॉल केलं होतं. ज्या जागेतून काही परत मिळवायचं तिथेच नवीन काही लिहायचं, हा शुद्ध वेडेपणा. पैसे भरले नाहीत, एवढी एकच अक्कल त्या दिवशी शाबूत होती.

मग कळलं ते असं. थंडरबर्डचा प्रत्येक फोल्डर म्हणजे डिस्कवरची एक साधी टेक्स्ट फाइल, एमबॉक्स पद्धतीची. मेल एकाखाली एक चिकटवलेले. आपण डिलीट करतो तेव्हा मेल फाइलमधून जात नाही, त्याच्यावर फक्त फुली पडते. तो खरोखर जातो कॉम्पॅक्ट करताना. तेव्हा फुली नसलेले मेल नव्या फाइलमध्ये उतरवले जातात आणि जुनी फाइल फेकली जाते. माझा फोल्डर दिसायला रिकामा होता, पण फाइलचा आकार अजून ९०० एमबी. तो आकडा बघून जिवात जीव आला.

प्रोग्रॅम बंद केला, फाइलची प्रत काढून ठेवली आणि प्रत एडिटरमध्ये उघडली. संगणकासोबत येणारा साधा एडिटर एवढी फाइल पाहून गारठतो. मोठ्या फाइल झेपणारा आणि सेव्ह करताना एन्कोडिंगला (अक्षरं साठवायच्या पद्धतीला) हात न लावणारा घ्यावा. प्रत्येक मेलच्या डोक्यावर 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी ओळ असते आणि पुढे चार आकडे. ०००१ म्हणजे वाचलेला, ०००८ म्हणजे डिलीट, दोन्ही मिळून ०००९. सगळीकडे ०००९ चं ०००१ केलं, दुरुस्त फाइल मूळ जागी ठेवली, शेजारची डॉट एमएसएफ फाइल उडवली (ती नुसती अनुक्रमणिका, पुन्हा तयार होते) आणि थंडरबर्ड उघडलं. मेल आले!

पण सगळे नाहीत. आणि न आलेले नेमके महत्त्वाचे, ज्यांना मी उत्तरं दिली होती ते. अर्धी रात्र त्यात गेली. आकडे हेक्साडेसिमल आहेत, म्हणजे ९ नंतर १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं: उत्तर दिलेल्या मेलला २ मिळतात, म्हणून १, २ आणि ८ मिळून ११, म्हणजे '०००बी'. तारा लावलेल्यांना ४, म्हणून '०००डी'. फॉरवर्ड केलेले १००९. न वाचलेले नुसते ०००८. मी एकटे ०००९ शोधत बसले होते. हे सगळे बदलल्यावर फोल्डर भरला, अटॅचमेंट धडधाकट. सोबत भुतंही आली: मागच्या कॉम्पॅक्टनंतर काढलेला कचरा आणि दुसरीकडे हलवलेल्या मेलच्या जुन्या प्रती, कारण मेल हलवला तरी मूळ जागी फुलीच पडते.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत ही युक्ती अजून दोनदा वापरली. एकदा ताईसाठी. तिचं खातं आयमॅपचं, म्हणजे मेल सर्व्हरवर राहतात; तिथे जरा वेगळं. तिथल्या तिथे आकडे बदलून उपयोग नाही, सर्व्हरशी ताळमेळ झाला की यादी पुन्हा सर्व्हर म्हणेल तशी. म्हणून आधी नेट बंद केलं, आयमॅपमेल नावाच्या फोल्डरमधली फाइल उचलून लोकल फोल्डर्समध्ये दुसऱ्या नावाने ठेवली आणि तिथे दुरुस्ती केली. मेल संगणकावर उतरलेले होते म्हणून जमलं. नुसते विषय उतरले असते तर हात हलवत बसलो असतो.

दुसऱ्या वेळी फसले. सेंट फोल्डर आदल्याच दिवशी कॉम्पॅक्ट झाला होता आणि माझी डिस्क एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली. ट्रिममुळे (कुठली जागा रिकामी झाली हे डिस्कला कळवणारी सोय) फेकलेल्या फाइलची जागा तिथे लगेच पुसली जाऊ शकते, जुन्या फिरत्या डिस्कवर असते तेवढीही आशा उरत नाही. ज्यांना पाठवले होते त्यांच्याकडूनच परत मागवले.

आता आपोआप कॉम्पॅक्ट बंद आहे. शनिवारी प्रोफाइलची (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग असलेल्या फोल्डरची) प्रत बाहेरच्या डिस्कवर घेते, मगच हाताने कॉम्पॅक्ट करते. आठवड्यात फाइल फुगते, पण मला ते चालतं. एक फाइल एक मेल अशी मेलडिर पद्धतही थंडरबर्डमध्ये आहे. मी तिकडे गेले नाही, कारण तिथे मेलची फाइलच जाते, फुली खोडायची सोय राहत नाही. शिफ्ट-डिलीटचा तो प्रश्नही परत चालू केलाय.

परत आणलेल्या फोल्डरमधली भुतं अजून निवडून झालेली नाहीत. रोज चहाबरोबर पाच-दहा काढते, साध्या डिलीटने.