कोपरासभेसाठी हातातला भोंगा: २५ वॉटचा, सेलवर चालणारा

दिवस अस्थिर असले की सभेला माणसं कमी येतात. पंधरा-वीस जणांसाठी स्पीकर, जनरेटर, टेम्पो जमवायचा म्हणजे कार्यकर्ता बोलायच्या आधीच दमतो. तिथे हा भोंगा कामाचा. साधारण दीड किलो वजन, खांद्याला पट्टा, जोडणी शून्य.

यात दीड व्होल्टचे आठ सेल, म्हणजे १२ व्होल्ट. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, बेरीज ९.६ वरच थांबते. आवाज थोडा बसतो, पण रोजच्या कामाला तेच परवडतात. एक सेल जरी उलटा बसला तरी भोंगा रडतो किंवा गप्प राहतो, दोष मात्र माईकला मिळतो.

शिट्टी वाजते ती माईक कर्ण्याच्या तोंडासमोर आल्यावर किंवा समोर भिंत असल्यावर. आवाज दोन-तृतीयांशावर ठेवा, माईक ओठांपासून दोन बोटं लांब धरा, ओरडू नका. ओरडलं की शब्द फाटतात आणि नुसता राग ऐकू जातो.

खरी खोट सायरनच्या बटणात. ते बोलण्याच्या खटक्याला इतकं खेटून आहे, की ऐन घोषणेत अंगठा घसरतो. त्यावर टेपचा तुकडा लावाच. माईकची गुंडाळी वायर बुडाशी तुटते. तिला धरून भोंगा लोंबकळवू नका.

काम संपलं की सेल काढा, नाहीतर ते गळून आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. आणि भोंगा एकाच्याच हाती नको. दर पाच मिनिटांनी तो पुढे गेला, की लाजणारेही बोलू लागतात.