काट्यांची डायल की काचेचा पडदा?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणाऱ्या एटीआर ७२-६०० या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये पाच एलसीडी पडदे असतात. वेग, उंची, दिशा, विमानाचा कल सगळं एका नजरेत. पावसाळ्यात पन्हाळा-जोतिबा ढगात बुडाले की पडद्यावरच्या नकाशाची आणि हवामान रडारची किंमत कळते.

जुन्या पद्धतीत नजर सहा डायलवर फिरवत ठेवावी लागते. पण काटा कुठं सरकतोय हे आकडा न वाचताही समजतं. शिवाय वेग आणि उंची दाखवणाऱ्या डायल निव्वळ हवेच्या दाबावर चालतात, वीज गेली तरी. (वीज जाण्याचं आम्हाला काय नवल!) कल आणि दिशा दाखवणाऱ्या डायलमधली वेगानं फिरणारी चक्रं, म्हणजे जायरो, मात्र झिजतात.

माझ्या मते शिकाऊ पायलटनं सुरुवात डायलवरच करावी. प्रवासी विमानात पडदेच हवेत, सोबत एक स्वतंत्र राखीव उपकरण ठेवून.