केसाळ शेवाळ: जीएफओ की रिफ्युजियम?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत केसाळ हिरवं शेवाळ कितीही उपटा, ते परत हजर. त्याचं खाद्य म्हणजे पाण्यातलं फॉस्फेट आणि नायट्रेट. ते कमी करायचे दोन उपाय: जीएफओ आणि रिफ्युजियम.

जीएफओचे (ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड) लोहयुक्त तपकिरी दाणे फॉस्फेट झपाट्याने ओढतात, नायट्रेटला मात्र हातही लावत नाहीत. हा झपाटाच नडतो. फॉस्फेट एकदम उतरलं की प्रवाळ फिके पडतात, म्हणून सुरुवात थोड्याच दाण्यांनी करा आणि ते आरओच्या पाण्यात लाल गढूळपणा जाईस्तोवर धुवा. दाणे थकले की नवा खर्च.

रिफ्युजियम म्हणजे सम्पमधला (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतला) वेगळा कप्पा. तिथे कीटो हे समुद्री शेवाळ वाढवायचं. नायलॉनच्या घासणीसारखा त्याचा गुंता दोन्ही पोषकं खातो. मूठभर काढून टाकला की तेवढी टाकीबाहेर. या कप्प्यावरचा दिवा रात्री लावला तर पीएचही फारसा घसरत नाही. फरक दिसायला आठवडे लागतात, हे खरं.

नागपुरी नवतप्यात पारा 45 अंशांवर असताना दिवा एलईडीचाच हवा. पाणीही भराभर उडतं. भर नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याची घातली तर दोन्ही उपाय वाया.

सम्पला जागा असेल तर मी कीटोच म्हणेन. जीएफओ छोट्या टाकीसाठी ठीक, तेही फॉस्फेटची टेस्ट किट घरात असेल तरच.