आईची श्वानोमाची (नसेवरच्या गाठीची) सर्जरी, डॉक्टरांना ५ स्टार, बिलिंगला २ पण जास्त

आईला दीड वर्ष डाव्या मांडीत कळ यायची. आधी दोन ठिकाणी दाखवलं, गादी सरकलीये म्हणून पट्टा, शेक, गोळ्या, फिजिओ सगळं झालं, एमआरआय कोणी सांगितलाच नाही आणि आई बिचारी आडवं पडलं की दुखतं म्हणून रात्रभर हॉलमधल्या खुर्चीत बसून झोपायची. आम्हीपण वयाचं असेल म्हणून सोडून दिलं, खोटं कशाला बोलू.

इथल्या न्यूरोसर्जननी पहिलंच विचारलं, काकू, चालताना जास्त दुखतं की झोपल्यावर? मग गुडघ्यावर हातोडी मारली. उजवा पाय उडाला, डावा ढिम्म. म्हणाले गादीचं दुखणं सहसा पडल्यावर कमी होतं, तुमचं उलटं आहे, कॉन्ट्रास्ट म्हणजे गाठ उठून दिसायचं इंजेक्शन देऊन एमआरआय करू. त्याआधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी दोनेक सेंटिमीटरची गाठ निघाली, फिल्मवर बल्बसारखी पांढरी. बहुतेक श्वानोमा म्हणाले. आई म्हणे, श्वान? मला कुत्रं कधी चावलं? डॉक्टर हसले पण नीट समजावलं, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाच्या पेशी नसेच्या आवरणात असतात, त्यांची ही गाठ, बहुतेकदा कॅन्सरची नसते, पण पक्कं बायोप्सीच सांगेल. नसेचं वायरीसारखं चित्र काढून दाखवलं, तो कागद अजून फाईलमध्ये आहे.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. मागचं थोडं हाड काढून, नसांभोवतीचं आतलं आवरण उघडून मायक्रोस्कोपखाली गाठ सोडवली, नसांवर लक्ष ठेवायला पायांना वायरी लावलेल्या. गाठ नसेच्या ज्या धाग्यावर होती तो कापावा लागला, पण ते आधीच सांगितलेलं. त्या आवरणातलं पाणी लीक होऊ नये म्हणून दोन दिवस सपाट झोपवलं. बायोप्सी श्वानोमा, ग्रेड १, म्हणजे कॅन्सर नाही.

आता बिलिंग. डिस्चार्ज सकाळी १० ला लिहिला आणि कॅशलेसचं अप्रूव्हल संध्याकाळी ६ ला, मधे तीनदा तेच आधार कार्ड मागितलं, मग ऐन गर्दीत टाके घेऊन सिंहगड रोडचे खड्डे, आईनी काय काय शिव्या घातल्या ते लिहीत नाही.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे, वर्षानी परत एमआरआय आहे. खुर्ची गॅलरीत गेली, सध्या तिच्यावर कुरडया वाळतायत.