सरकारी शाळेला करिअर सॉफ्टवेअर विकणारे आले तर आधी हे वाचा (आमचे १,३५,२१८ रुपये गेले)

आकडे आधी, कारण नंतर सगळे आकड्यांवरच घसरतात. चाचणी घेऊन मुलांना करिअर सुचवणारं सॉफ्टवेअर, नववी ते बारावीचे २२० विद्यार्थी, प्रत्येकी ३८० रुपये, म्हणजे ८३,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी १५,०४८. 'स्थापना व शिक्षक प्रशिक्षण' या नावाखाली ९,००० आणि त्याचा जीएसटी १,६२०. झाले १,०९,२६८. यातले ८४,२६८ लोकवर्गणीचे, २५,००० माजी विद्यार्थ्यांचे. वरून १७३ पालकांकडून 'रंगीत छापील अहवाला'चे दीडदीडशे, म्हणजे २५,९५०. हे कंपनीच्या खात्यात गेलेच नाहीत, एका खासगी क्यूआर कोडवर गेले. एकूण १,३५,२१८ रुपये. मिळालं काय, तर साठ प्रश्नांची एक चाचणी, जी इंटरनेटवर फुकट आहे, आणि सहा महिन्यांत बंद पडलेली एक वेबसाइट.

शाळा नागपूर शहराला लागून आहे, जिल्हा परिषदेची. नाव देत नाही, पोट्ट्यांची बदनामी नको. कंपनीचंही नाव देत नाही. ते देऊन उपयोग नाही, नाव बदलून तीच माणसं फिरतात.

'तुम्ही चौकशी काहून नाही केली' हा प्रश्न ज्यांना विचारायचाय त्यांनी ऐकून घ्या. शाळेच्या समितीने ठराव घेतला. तीन दरपत्रकं मागवली, सर्वात कमी दराचं निवडलं. करारपत्र केलं. पैसे एनईएफटीने, दोन हप्त्यांत दिले, ६५,००० ऑर्डरसोबत आणि ४४,२६८ लॉगिन मिळाल्यावर. कागदावर जे जे करायला सांगतात ते सगळं केलं होतं. फसवणाऱ्याला हे कागद आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात, ही यातली खरी गोम.

दरपत्रकांचंच बघा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. तेरावं अक्षर सांगतं की त्या पॅनवर या राज्यातली ही कितवी नोंदणी आहे. आमच्या तीन दरपत्रकांपैकी दोघांची मधली दहा अक्षरं एकच होती, फक्त तेराव्या जागी एकाकडे १ आणि दुसऱ्याकडे २. म्हणजे स्पर्धा एकाच माणसाची स्वतःशी. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख आणि सद्यस्थिती फुकट दिसते. ज्या क्रमांकावर आमचं बिल फाडलं, त्याच्यापुढे 'रद्द' असं लिहिलेलं होतं, आणि रद्द झाल्याची तारीख बिलाच्या आधीची. ज्याची नोंदणी रद्द आहे त्याला जीएसटी वसूलच करता येत नाही. मग आमचे १६,६६८ रुपये जीएसटी म्हणून कोणाच्या खिशात गेले? कोणी सांगेल?

त्यांच्या फोल्डरमधली प्रमाणपत्रं तर बघण्यासारखी. उद्यम नोंदणी, आयएसओ, स्टार्टअप मान्यता, सगळी लॅमिनेट केलेली. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, कोणीही घरी बसून स्वयंघोषणेवर फुकट करतो, तिचा सॉफ्टवेअरच्या दर्जाशी काडीचा संबंध नाही. 'सरकारमान्य' हा शब्द दिसला की विचारायचं, कोणत्या कार्यालयाने, कोणत्या शासन निर्णयाने, कोणत्या तारखेला. मग कसे घाम पुसतात ते बघा.

आता ती जागा, जिथे सगळं उघड पडलं होतं आणि तरी पुढे गेलं.

प्रात्यक्षिकाला दहावीच्या एका मुलाला त्यांच्याच लॅपटॉपवर बसवलं. मुलगा खोडकर. त्याने साठच्या साठ प्रश्नांना 'अजिबात आवडत नाही' दाबलं. अहवाल आला, 'संशोधक व समाजसेवी व्यक्तिमत्त्व, ९२ टक्के जुळणी, डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ.' सगळे हसले. त्यांचा माणूसही हसला आणि म्हणाला, "सर, एआय उत्तरांच्या मागचं मन ओळखते." आणि हे ऐकून घेतलं गेलं! खोलीत पदवीधर होते, गणिताचे शिक्षक होते.

हे अशक्य का, ते नीट समजून घ्या. ही साठ प्रश्नांची चाचणी अमेरिकेच्या कामगार खात्याच्या ओनेट या माहितीकोशातली आहे, फुकट आणि सगळ्यांना खुली. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या आवडीनुसार केलेल्या सहा प्रकारांवर ती बेतलेली आहे: हाताने काम करणारा, शोध घेणारा, कलावंत, लोकांत रमणारा, उद्योग उभा करणारा, नोंदी व्यवस्थित ठेवणारा. प्रत्येक प्रकाराचे दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे प्रकारामागे कमाल ४०. सगळीकडे 'अजिबात आवडत नाही' दाबलं तर सहाही प्रकारांत शून्य. शून्यातून ९२ टक्के निघत नाहीत. खरं सॉफ्टवेअर अशा वेळी सांगतं की कल स्पष्ट होत नाही, चाचणी पुन्हा द्या. यांच्याकडे आठ-दहा अहवाल आधीच लिहून ठेवले होते आणि त्यातला एक उचलून नाव टाकून देत होते. पुढे २२० मुलांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले तेव्हा शब्द न् शब्द तेच निघाले, एका ठिकाणी तर दुसऱ्याच शाळेच्या मुलीचं नाव तसंच राहिलेलं.

म्हणून प्रात्यक्षिक त्यांच्या लॅपटॉपवर कधीच नाही. शाळेच्या संगणकावर, शाळेच्या नेटवर, आणि एका पालकाच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर. एकाच मुलाकडून दोनदा भरून घ्या, दुसऱ्या वेळी सगळी उत्तरं उलटी. अहवाल बदलला नाही तर चहा पाजून रवाना करा.

आणखी एक. आवड म्हणजे क्षमता नव्हे. 'यंत्र दुरुस्त करायला आवडेल का' हा प्रश्न आवडीचा. आकृती फिरवून ओळखणं, आकड्यांची मालिका पूर्ण करणं, हे क्षमतेचं, आणि त्याला वेळ लावावी लागते. आमच्या करारात 'अभिक्षमता चाचणी' लिहिलं होतं आणि सॉफ्टवेअरमध्ये वेळ लावलेला एकही प्रश्न नव्हता. चाचणीची तांत्रिक पुस्तिका मागा: कोणत्या वयाच्या, कोणत्या माध्यमाच्या, किती मुलांवर मानके ठरवली, तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घेतली तर गुण किती जुळतात. पुस्तिका 'गोपनीय' आहे म्हणाले की समजा, ती नाहीच. आणि बोटांचे ठसे घेऊन मेंदू सांगतो म्हणणारे आले तर त्यांच्याशी बोलूही नका, त्या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही.

व्यवसायांची यादी तर अजब. पगार डॉलरचे रुपये करून टाकलेले, त्यामुळे सुतार वर्षाला चाळीस लाख कमावतो. शिष्यवृत्तीच्या पानावर अमेरिकेच्या योजना. आठवीतल्या मुलांना वर्षाला १२,००० रुपये मिळवून देणारी एनएमएमएस परीक्षा नाही, राज्याच्या बार्टी-सारथी या संस्था नाहीत, आणि ज्या महाज्योतीचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे तीही नाही. आयटीआय नाही, पॉलिटेक्निकची प्रवेशप्रक्रिया नाही, एमएचटी-सीईटी नाही. 'अग्निशमन' शोधलं तर काहीच येत नाही, आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय कुठे आहे? नागपुरात! मॉईल (मँगनीज) आणि वेकोलि (कोळसा) या सरकारी खाणकंपन्यांची मुख्यालयं इथे, बुटीबोरी आणि हिंगण्याची एमआयडीसी इथे, मिहान इथे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या सावलीत वाढलेल्या मुलाला सॉफ्टवेअर सांगतं, घोड्यांचा प्रशिक्षक हो. प्रात्यक्षिकाच्या वेळी पाच शब्द शोधा: आयटीआय फिटर, डी.फार्म., पोलीस भरती, कृषी पदविका, एमपीएससी. दोन मिनिटांत निकाल लागतो.

सॉफ्टवेअर वापरायच्या परवान्याचं कलम वाचा, बापा. 'एक वर्ष' लिहिलं होतं, पण ऑर्डरच्या तारखेपासून. ऑर्डर जूनअखेरची, लॉगिन आले डिसेंबरात. म्हणजे अर्धं वर्ष आधीच वाया. लॉगिन २२० दिले, पण एका वेळी पंचवीसच्या वर मुलं शिरली की पान अडकायचं. संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रांवर तर ते उघडतच नव्हतं, 'ब्राउझर जुना आहे' एवढंच उत्तर. दुसऱ्या हप्त्याची अट 'लॉगिन मिळाल्यावर' अशी होती, तिथेच त्यांनी गळ टाकला होता. अट हवी ती अशी: सर्व विद्यार्थ्यांचे अहवाल तयार होऊन समितीने तपासल्यावर. किमान निम्मी रक्कम तोवर हातात ठेवायची. वेबसाइटच्या नावाची नोंदणी कधी झाली तेही इंटरनेटवर फुकट कळतं. 'बारा वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्यांची वेबसाइट चार महिन्यांची होती.

आणि मुलांची माहिती. एक्सेलमध्ये नाव, जन्मतारीख, जात, आधार, पालकांचा मोबाइल, सगळं मागितलं. 'सरलशी जोडायचं आहे' म्हणाले, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी-माहिती प्रणालीशी. निकालानंतर त्याच मोबाइलांवर खासगी क्लासेस आणि परराज्यातल्या कॉलेजांच्या दलालांचे फोन सुरू झाले. ज्या पालकाने वेगळा नंबर फक्त या यादीत दिला होता त्यालाही फोन आला, म्हणजे पुरावा पक्का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. आवडीच्या चाचणीला हजेरी क्रमांक पुरतो. आधार कशाला?

आता कार्यालयांकडे वळू. कंपनीवाल्यांनी दाखवलेलं एका शिक्षण कार्यालयाचं पत्र होतं, जावक क्रमांक, सही, शिक्का, सगळं खरं. दाखवलं फक्त पहिलं पान. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर पूर्ण प्रत मिळाली. दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं की शाळेवर किंवा विद्यार्थ्यांवर कोणताही आर्थिक भार टाकू नये. ते घेऊन त्याच कार्यालयात गेल्यावर उत्तर काय, 'खरेदी तुमच्या समितीने केली, आमचा संबंध नाही.' तुमच्या पत्राचा दुरुपयोग झाला, तुमच्या अटीचा भंग झाला, आणि संबंध नाही? निदान इतर शाळांना सावध करणारं परिपत्रक काढा म्हटलं तर 'वरून सूचना आल्यावर बघू.' वर म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही.

पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा.' रद्द झालेल्या क्रमांकावर कर वसूल करणं, खोटी स्पर्धा दाखवणं, हा दिवाणी वाद? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? सायबर शाखेत म्हणाले, ओटीपी गेला नाही, पैसे तुम्हीच पाठवले, हे आमच्याकडे बसत नाही. बँकेत म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेचा तपशील आणा. नागपूरच्या मे महिन्यात हे टोलवाटोलवीचे चक्कर मारून बघा एकदा. तक्रार कोणी लेखी घेतच नाही, तोंडी वाटेला लावतात. म्हणून तोंडी बोलूच नका. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस आयुक्तालयाला, ग्रामीण भागात अधीक्षकांना पाठवा. १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक ऑनलाइन पैसे गेल्यावर लगेच फिरवला तरच पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. महिन्यांनी फोन केला तर फक्त नोंद होते.

दीडशे रुपये भरलेल्या पालकांसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. २०१९ च्या कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. एकट्याने दीडशेसाठी कोण जाईल, हाच त्यांचा हिशेब असतो.

आणि हे सगळं विकत घ्यायची गरज होती का? २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी फुकट घेतली होती. २०२० मध्ये राज्याने युनिसेफच्या साहाय्याने नववी ते बारावीसाठी महाकरिअर पोर्टल सुरू केलं, सरल क्रमांकावर चालणारं, विनाशुल्क. एनसीईआरटी आणि सीबीएसईची 'तमन्ना' ही अभिक्षमता चाचणी नववी-दहावीसाठी फुकट आहे. केंद्राचं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल आहे. समितीपुढे यातलं एकही नाव कोणी ठेवलं नाही. ज्यांचं ते काम आहे, त्यांनीसुद्धा.

तीच माणसं आता नव्या नावाने कामठी, उमरेड, काटोलकडे फिरतात असं कानावर आहे. नमुना अहवालात ९२ टक्के दिसले, किंवा दरपत्रकांवरच्या जीएसटी क्रमांकांच्या मधल्या दहा अक्षरांत जोडी सापडली, तर फोटो काढून ठेवा आणि ऑर्डर थांबवा. पैसे गेलेच असतील तर ज्या खात्यावर गेले तो क्रमांक आणि एनईएफटीचा व्यवहार क्रमांक तक्रारीत लिहा. वेगवेगळ्या शाळांच्या तक्रारींत एकच खाते क्रमांक आला, तर 'हा तुमचा आपसातला वाद' म्हणणं ठाण्यात अवघड जातं. व्हॉट्सॲपचं संभाषण मोबाइल बदलायच्या आधी निर्यात करून ठेवा, आणि ती दीडशेची पावती कुठे असेल तर शोधा.